हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल?

साताऱ्यातल्या एका शाळेची शतकमहोत्सवी स्मरणिका छापायला जायची आहे. तिच्या इंग्रजी विभागाची मुद्रितं तपासायला दोघं बसली आहेत. शालिनीआत्या त्याच शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या. लाल पेन हातात आलं की त्यांचा हात आपोआप समासाकडे जातो. भाचा निखिल पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत तांत्रिक लेखक आहे. यंत्रं आणि प्रणाली कशा वापराव्यात, याच्या इंग्रजी पुस्तिका तो लिहितो. ही माणसं आणि ही स्मरणिका काल्पनिक आहेत. वाद मात्र खरा आहे. इंग्रजीत चार ओळी लिहायची वेळ आली की तो आपल्यातल्या अनेकांच्या मनात सुरू होतो : जवळजवळ एकाच अर्थाची दोन विशेषणं समोर आली तर घ्यायचं कोणतं, आणि ते ठरवायचं कोणी?

आत्या : हे बघ, पहिल्याच पानावर. 'अ हिस्टॉरिकल डे फॉर अवर टाउन.' अरे, शाळा सुरू झाली तो दिवस 'हिस्टॉरिक' म्हणायचा.

निखिल : वाचणाऱ्याला कळलं ना? माजी विद्यार्थी पान उलटणार, आपला जुना फोटो शोधणार. 'हिस्टॉरिक'ला 'अल' चिकटलं म्हणून कोण अडून बसणार आहे?

आत्या : कळणं वेगळं आणि नेमकं कळणं वेगळं. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, ती घटना 'हिस्टॉरिक'. तिनं इतिहासाला वळण दिलं. रणजित देसाईंची 'श्रीमान योगी' ही 'हिस्टॉरिकल' कादंबरी, कारण तिचा विषय इतिहास आहे. तिला 'हिस्टॉरिक' म्हटलंस तर त्या कादंबरीनंच इतिहास घडवला असा अर्थ होतो.

निखिल : मराठीत आपण दोन्हीकडे 'ऐतिहासिक'च म्हणतो. ऐतिहासिक कादंबरी, ऐतिहासिक विजय. आपलं काही अडलंय का?

आत्या : नाही अडलं. शेजारचं नाम सांभाळून घेतं. पण इंग्रजीत दोन शब्द वेगळे ठेवलेले आहेत, तर ती सोय वापरायला काय हरकत आहे?

निखिल : 'ठेवलेले आहेत' म्हणतेस, पण ठेवले कोणी? अठराव्या शतकात इंग्रज लेखक हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरत होते. वाटणी नंतर झाली. तुझ्या लाडक्या 'डिसइंटरेस्टेड'चंच बघ. आम्हाला वर्गात तू काय शिकवलंस? 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे निःपक्षपाती आणि 'अनइंटरेस्टेड' म्हणजे ज्याला रस नाही तो. पण सतराव्या शतकात नेमकं उलटं सापडतं. तेव्हा 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे रस नसलेला आणि 'अनइंटरेस्टेड' म्हणजे निःपक्षपाती असे अर्थ होते. मग आजच्या नियमाला एवढं डोक्यावर का घ्यायचं?

आत्या : सतराव्या शतकातला इंग्रज काही आपली स्मरणिका वाचणार नाही. आजचा वाचक वाचणार. आणि आजच्या वाचकाला न्यायाधीश 'डिसइंटरेस्टेड' हवा, 'अनइंटरेस्टेड' नको. पहिला कोणाची बाजू न घेता ऐकतो, दुसरा जांभया देतो.

निखिल : ते वकिलाच्या कागदात ठीक आहे. पण रोजच्या वापरात निम्मे इंग्रजसुद्धा हा भेद पाळत नाहीत. मी पुस्तिका लिहिताना सरळ 'इम्पार्शल' लिहितो. वाद मिटला.

आत्या : ही मात्र युक्ती चांगली आहे. जो शब्द दोन तऱ्हांनी वाचला जाऊ शकतो, तो टाळायचा. हे मी वर्गात सांगायला हवं होतं की नाही, ते नंतर ठरवू. आधी हे वाक्य वाच. आपल्या पहिल्या मुख्याध्यापकांबद्दल कोणीतरी लिहिलंय, 'ही वॉज अ व्हेरी इकॉनॉमिक मॅन.'

निखिल : (हसून) म्हणजे ते अर्थव्यवस्थेचा भाग होते!

आत्या : तुला हसू आलं ना? मग आता सांग, फरक पडतो की नाही? 'इकॉनॉमिक पॉलिसी' म्हणजे आर्थिक धोरण. 'इकॉनॉमिकल' म्हणजे काटकसरीचं, कमी खर्चात भागवणारं. गाडी 'इकॉनॉमिकल' असते, कारण ती पेट्रोल कमी खाते.

निखिल : इथे मी तुझ्या बाजूचा. पण मुख्याध्यापकांना 'इकॉनॉमिकल' म्हणतानाही जरा जपून. त्या शब्दाला १९८६ साली एक खोच चिकटली आहे. ब्रिटनचे कॅबिनेट सचिव सर रॉबर्ट आर्मस्ट्राँग सिडनीच्या न्यायालयात साक्ष देत होते. पीटर राइट या माजी गुप्तहेराचं 'स्पायकॅचर' हे पुस्तक ऑस्ट्रेलियात छापलं जाऊ नये म्हणून ब्रिटिश सरकारनं खटला गुदरला होता. तुम्ही लिहिलेल्या एका पत्रात खोटं होतं का, या प्रश्नावर आर्मस्ट्राँग यांनी 'सत्याच्या बाबतीत इकॉनॉमिकल' अशा धर्तीचं उत्तर दिलं. मूळ कल्पना एडमंड बर्कची, आर्मस्ट्राँग यांनी ती तिथं वापरली. तेव्हापासून हे विशेषण सत्याच्या शेजारी आलं की इंग्रज वाचक गालात हसतो.

आत्या : म्हणून मुख्याध्यापकांना 'थ्रिफ्टी' करूया. ते गृहस्थ खडूसुद्धा बोटाला चटका बसेपर्यंत वापरायचे, असं माझे वडील सांगायचे.

निखिल : 'थ्रिफ्टी' म्हणजे कौतुक. 'स्टिंजी' म्हणजे कंजूष. 'फ्रूगल' म्हणजे साधं राहणारा. खर्च तिघांचाही तेवढाच असेल. बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसीच्या 'ब्रेन्स ट्रस्ट' कार्यक्रमात हीच गंमत केली होती. क्रियापद जसं 'मी, तू, तो' असं चालवतात, तसं त्यांनी एकच स्वभाव तीन विशेषणांत चालवून दाखवला. आपल्याकडे तो असा चालेल : मी काटकसरी, तू चिकट, तो महाकंजूष.

आत्या : बघ, तूच माझा मुद्दा मांडतोयस. विशेषण वस्तूचं वर्णन करतं त्याहून जास्त बोलणाऱ्याची नजर दाखवतं.

निखिल : मान्य. पण ती नजर नियमाच्या पुस्तकात सापडत नाही, लोकांच्या वापरातच सापडते. आणि लोकांचा वापर कधीकधी तुमच्या व्युत्पत्तीला सरळ फाट्यावर मारतो. महामार्गावर पेट्रोलचा टँकर पुढे असला की मागे काय लिहिलेलं दिसतं?

आत्या : 'हायली इन्फ्लेमेबल.'

निखिल : त्यातलं 'इन' नकाराचं नाही. लॅटिनमधून आलेलं आहे, पेट घेण्याच्या अर्थाचं. पण 'इनकरेक्ट', 'इनव्हिजिबल' शिकलेल्या माणसाला वाटतं, 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारं. व्युत्पत्ती बरोबर, पण माणूस काडी ओढणार! म्हणून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या लोकांनी १९२० च्या दशकात 'फ्लेमेबल' या शब्दाचा आग्रह धरला. आता 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' यांचा अर्थ एकच, आणि उलट अर्थाला 'नॉन-फ्लेमेबल'. मी पुस्तिकेत कायम 'फ्लेमेबल' लिहितो. सुंदर काय आणि शुद्ध काय हे विचारत बसत नाही, वाचणारा जळू नये एवढंच बघतो.

आत्या : यावर मी वाद घालणार नाही. दवाखान्यातही तसंच आहे. 'क्रॉनिक' म्हणजे दीर्घकाळ रेंगाळणारं, जुनाट. 'अक्यूट' म्हणजे अचानक उद्भवलेलं. आपल्याकडे पोटात जोरात कळ आली की लोक 'क्रॉनिक पेन' सांगून मोकळे होतात. डॉक्टर मात्र पहिला प्रश्न वेगळाच विचारतील. शब्द चुकला की आजाराचं वयच बदलतं.

निखिल : आता हे पान. 'द स्कूल वॉज नोन फॉर इट्स स्ट्राँग डिसिप्लिन.' लिहिणाऱ्याच्या मनात 'कडक शिस्त' आहे.

आत्या : 'स्ट्रिक्ट डिसिप्लिन.' वर्षानुवर्षं मुलांच्या वह्यांत हे दुरुस्त करून माझं पेन झिजलं. 'कडक' हा आपला शब्द भलता कामसू आहे. कडक चहा, कडक ऊन, कडक इस्त्री, कडक भाकरी, कडक बंदोबस्त, कडक मास्तर. एका शब्दात सगळा साताराच उभा राहतो. इंग्रजीत शिरलास की त्याचे सहा तुकडे होतात. चहा 'स्ट्राँग', ऊन 'हार्श', कॉलर 'स्टिफ', भाकरी 'हार्ड', बंदोबस्त 'टाइट', मास्तर 'स्ट्रिक्ट'.

निखिल : आणि यामागं तर्क शोधायला गेलीस तर हाती काही लागत नाही. चहा 'स्ट्राँग' चालतो, 'पॉवरफुल' चालत नाही. गाडी 'पॉवरफुल' चालते, 'स्ट्राँग' म्हटलं की विचित्र वाटतं. आणि युक्तिवाद मात्र दोन्ही होतो, 'स्ट्राँग'ही आणि 'पॉवरफुल'ही. मायकेल हॅलिडे या भाषावैज्ञानिकानं १९६६ मध्ये हेच उदाहरण घेतलं होतं. त्याचे गुरू जे. आर. फर्थ यांचं म्हणणं, शब्द ओळखायचा तर त्याची सोबत बघा.

आत्या : सोबत बघा, हे कोणत्याही आईनं सांगितलं असतं.

निखिल : पण आईनं मोजून दाखवलं नसतं! बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष छापलेल्या आणि बोललेल्या मजकुराचा साठा संगणकात भरला. कुठला शब्द कोणाशेजारी बसतो ते त्यातून काढलं आणि त्यावरून १९८७ मध्ये 'कोबिल्ड' कोश काढला. पुढे 'ब्रिटिश नॅशनल कॉर्पस' झाला, दहा कोटी शब्दांचा. आज मला शंका आली की मी अशा साठ्यात बघतो. 'लार्ज अमाउंट' भरपूर, 'बिग अमाउंट' तुरळक. 'बिग मिस्टेक' भरपूर, 'लार्ज मिस्टेक' जवळजवळ नाहीच. शंका फिटली.

आत्या : आपल्या 'मोठा'चंही तेच होतं. मोठा भाऊ, मोठा आवाज, मोठा पाऊस, मोठा माणूस, मोठी रक्कम. मुलं सगळीकडे 'बिग' लावतात. 'बिग रेन' वाचून मी समासात 'हेवी' लिहायचे आणि खाली दोन रेघा मारायचे. पण तुझ्या मोजणीबद्दल माझी एक तक्रार आहे. मोजणी सांगते लोक काय करतात, का करतात ते सांगत नाही. मुलाला 'का'चं उत्तर मिळालं की पन्नास जागी उपयोगी पडतं. उदाहरणार्थ 'अलाइव्ह' आणि 'लिव्हिंग'. दोन्हींचा अर्थ जिवंत. पण 'ॲन अलाइव्ह लेजंड' म्हणता येत नाही, 'अ लिव्हिंग लेजंड'च म्हणावं लागतं. का? तर 'अलाइव्ह', 'अस्लीप', 'अफ्रेड' ही मंडळी नामाच्या आधी बसत नाहीत, क्रियापदानंतरच येतात. 'द चाइल्ड इज अस्लीप' बरोबर, 'ॲन अस्लीप चाइल्ड' चूक. एक नियम, पाच-दहा शब्द सुटले.

निखिल : हा नियम मला आवडतो, कारण तो वापरातून निघालाय. मी नियमांच्या विरोधात नाहीच. एखाद्यानं आपल्या खोलीत बसून ठरवलेल्या नियमांच्या विरोधात आहे. 'कंटिन्युअल' आणि 'कंटिन्युअस' घे. शिस्तीचे लोक सांगतात, 'कंटिन्युअल' म्हणजे थांबून थांबून पुन्हा पुन्हा आणि 'कंटिन्युअस' म्हणजे सलग. स्मरणिकेत एकानं पावसाळ्यातल्या शाळेबद्दल 'कंटिन्युअस रेन' लिहिलंय. आता साताऱ्याचा पाऊस दुपारी तासभर उघडला होता का, हे कोण तपासणार?

आत्या : बरं, ते राहू दे तसंच. पण 'व्हेरी एक्सलंट रिझल्ट' मी सोडणार नाही. 'एक्सलंट' म्हणजे आधीच टोक. त्याला 'व्हेरी' कशाला? 'व्हेरी बिग' चालतं, 'व्हेरी ह्यूज' खटकतं. टोकाच्या शब्दाला 'ॲब्सोल्यूटली' शोभतं.

निखिल : किंवा काहीच लावायचं नाही. 'एक्सलंट रिझल्ट' पुरतं.

आत्या : आणि हे कोणी केलं? 'द मेलिफ्लुअस अँड युफोनियस प्रेयर.' दहावीच्या मुलीच्या लेखात हे शब्द आले कुठून?

निखिल : समानार्थी शब्दांच्या कोशातून, नाहीतर संगणकाच्या एका टिचकीतून. 'स्वीट'वर बोट ठेवलं की वीस शब्दांची रांग उभी राहते.

आत्या : रॉजेटचा 'थिसॉरस' १८५२ चा. रॉजेट पेशानं वैद्य होता. त्यानं शब्दांची मांडणी कल्पनांच्या गटांनी केली, पण प्रत्येकाचा अर्थ दिला नाही. ज्याला शब्द आधीच माहीत आहे पण जिभेवर येत नाही, त्याच्यासाठी ते पुस्तक. शिकणाऱ्याच्या हातात दिलं की तो अनोळखी माणसांना घरी जेवायला बोलावतो. शिकणाऱ्यासाठीचं काम दुसऱ्यांनी केलं. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होता. परकी मुलं कुठं अडतात ते त्यानं जवळून पाहिलं आणि त्याचा कोश आधी १९४२ मध्ये टोकियोत निघाला, ऑक्सफर्डनं तो १९४८ मध्ये आपल्या नावानं छापला. आज आपल्या मुलांच्या दप्तरात असतो तो त्याचाच वंशज.

निखिल : त्याच्याही आधी हेस्टर पिओझ्झी. कोशकार डॉ. जॉन्सनच्या मित्रमंडळातली. तिनं १७९४ मध्ये 'ब्रिटिश सिनॉनिमी' नावाचे दोन खंड काढले, समानार्थी शब्दांतून बोलताना निवड कशी करावी यावर. नवरा इटालियन होता तिचा आणि पुस्तक तिनं आपल्या परदेशी मित्रांना अर्पण केलं. म्हणजे हा प्रश्न बाहेरून आलेल्या माणसालाच जास्त पडतो, हे तिला तेव्हाच कळलं होतं. घरातला माणूस न विचारता बोलतो.

आत्या : आता शेवटचं. जाहिरातींचं पान. आपल्याच एका माजी विद्यार्थिनीनं मुलासाठी स्थळ हवं म्हणून दिलंय, 'होमली गर्ल'. मुलगा न्यू जर्सीत आहे. हे बदलायचं.

निखिल : अगं, इथं मात्र तू का बदलतेस? भारतात 'होमली' म्हणजे घर सांभाळणारी, साधी. विवाहाच्या जाहिरातींत हा शब्द वर्षानुवर्षं छापून येतोय. ही आपली इंग्रजी आहे. तिला कमी का लेखायचं?

आत्या : कमी लेखत नाही रे. इथल्या वृत्तपत्रात असता तर मी हात लावला नसता. ब्रिटनमध्येही 'होमली' म्हणजे घरगुती, आपलेपणाचं. पण अमेरिकेत 'होमली' म्हणजे दिसायला बेताची. तिथं वाढलेली मुलगी ही जाहिरात वाचेल तेव्हा काय समजेल? शब्द बरोबर आहे, पत्ता चुकलाय.

निखिल : म्हणजे आता तू वाचकाकडे बघून ठरवतेस आणि मी शब्दाच्या हक्कासाठी भांडतोय. बाजू बदलल्या आपल्या!

आत्या : बदलल्या नाहीत, प्रश्न एकच होता. तू वापर वापर म्हणत होतास, मी अर्थ अर्थ म्हणत होते. वाचक कोण हे ठरलं की दोन्हींचं भांडण बहुतेक मिटतं. 'इकॉनॉमिक' आणि 'इकॉनॉमिकल' मिसळले की कुठल्याही देशातल्या वाचकाला वेगळंच काहीतरी कळतं, तिथं मी हटणार नाही. 'कंटिन्युअस'नं कोणाचं काही बिघडत नाही, ते तुला सोडलं. आणि 'स्ट्राँग टी'ला कारण विचारायचं नाही, पाठ करायचं.

निखिल : माझंही एक ऐक. पाठ करायचं तर विशेषण एकटं पाठ करायचं नाही, नामासकट करायचं. 'स्ट्रिक्ट' म्हणजे कडक असं लिहून ठेवलं की उद्या कोणीतरी 'स्ट्रिक्ट टी' मागणार. 'स्ट्रिक्ट टीचर', 'हेवी रेन', 'लार्ज अमाउंट' अशी जोडी वहीत उतरवली की निवड करायची वेळच येत नाही.

आत्या : हे वर्गात सांगण्यासारखं आहे. लिहून दे, स्मरणिकेत चौकटीत टाकू.

स्मरणिकेत 'हिस्टॉरिक डे' आला, मुख्याध्यापक 'थ्रिफ्टी' झाले, शिस्त 'स्ट्रिक्ट' झाली, पाऊस 'कंटिन्युअस' राहिला आणि न्यू जर्सीच्या जाहिरातीतून 'होमली' निघाला. वाचकांना सुचवायचं आहे ते एवढंच : दोन विशेषणांत अडलात तर आधी स्वतःला विचारा, शब्द बदलला तर वाचणाऱ्याला वेगळं काही कळेल का? कळणार असेल तर विद्यार्थ्यांसाठीचा कोश उघडा आणि अर्थाच्या ओळीवर न थांबता उदाहरणाची वाक्यं वाचा, कारण शब्द कोणासोबत राहतो ते तिथंच दिसतं. कळणार नसेल तर दोनपैकी साधा आणि आखूड शब्द घ्या आणि पुढच्या वाक्याकडे वळा.